विमानाचं किट विकायचंय? आधी अ‍ॅडव्हान्सचा हिशोब मांडा



व्हिडिओत कांदिवलीच्या कॅप्टन अमोल यादवांचं उदाहरण घेतलं होतं. वेळेअभावी पैशाची बाजू राहून गेली, ती इथे सविस्तर लिहितो. वही-पेन घेऊन बसा.

यादवांनी चारकोपमधल्या पाच मजली इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. लिफ्ट नव्हती. लेथ, वेल्डिंगचं सामान, अगदी इंजिनसुद्धा जिन्याने वर चढवलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते विमान लोकांनी पाहिलं आणि नाव झालं. आता पुढच्या तारखा लिहून घ्या. डीजीसीएकडे नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. उड्डाण चाचणीची परवानगी मिळाली २०१९ मध्ये. आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून विमान हवेत गेलं ऑगस्ट २०२० मध्ये. म्हणजे वस्तू लोकांसमोर आल्यावरसुद्धा साडेचार वर्षं! नोंदणी म्हणजे गाडीला नंबर मिळाला, एवढंच. उडवायची परवानगी वेगळी.

या सगळ्या काळात गिऱ्हाइकाचा एक रुपया येत नाही, खर्च मात्र थांबत नाही. यादवांच्या मागे घरचे उभे राहिले. दागिने गेले, घर गहाण पडलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये राज्य सरकारने त्यांच्या कंपनीशी ३५ हजार कोटींचा सामंजस्य करार केला. आकडा वाचून बरेच जण म्हणाले, सुटला बुवा माणूस! पण सामंजस्य करार म्हणजे चेक नव्हे. तो दाखवून गाळ्याचं भाडंसुद्धा भरता येत नाही. बँकेच्या खात्यात जमा होईपर्यंत कुठलाही आकडा वहीत ‘जमा’ बाजूला लिहायचा नाही.

मग डिझायनरच्या डोक्यात पहिला विचार येतो, बुकिंग सुरू करू, अ‍ॅडव्हान्स घेऊ. इथेच सांभाळा.

अमेरिकेत जिम बीडी नावाचा एक हुशार डिझायनर होता. त्याच्या बीडी-५ या चिमुकल्या विमानाचं पहिलं उड्डाण १९७१ मध्ये झालं. २०० डॉलर भरा, नंबर लावा. पाच हजारांवर लोकांनी पैसे भरले. विमान दिसायला देखणं, पण योग्य इंजिनच वेळेवर मिळेना. कित्येकांच्या हातात इंजिनाशिवाय किट पडलं आणि १९७९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. मागणी प्रचंड होती, हे लक्षात घ्या. धंदा मागणीअभावी बुडाला नाही.

आता आपला हिशोब करू. आकडे उदाहरणादाखल धरलेत. साकीनाक्याला तुमचा गाळा आहे. किटची किंमत ३० लाख, त्यातला माल २० लाखांचा. दहा जणांकडून ५-५ लाख घेतले, ५० लाख जमले. ते तुम्ही चाचण्यांवर आणि साच्यांवर उडवले. आता प्रत्येक गिऱ्हाइकाकडून येणं उरलं २५ लाख. तेवढ्यात अ‍ॅल्युमिनियम, डॉलर, जहाजभाडं वाढलं आणि माल २६ लाखांवर गेला. म्हणजे प्रत्येक किट देताना खिशातून १ लाख, वर भाडं आणि पगार वेगळे. दहा ऑर्डर म्हणजे दहा खड्डे. जितकी विक्री, तितका तोटा!

हे नवख्यांचंच होतं असं समजू नका. व्हॅन्स एअरक्राफ्ट ही किट विमानांच्या धंद्यातली नावाजलेली कंपनी, तिची हजारो विमानं उडतात. लेझरने कापलेल्या भागांच्या भोकांना भेगा जाऊ लागल्या, बदली भागांचा खर्च आला आणि जुन्या भावाने घेतलेल्या ऑर्डरी गळ्याशी आल्या. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांना दिवाळखोरी कायद्याचा आसरा घ्यावा लागला. आधीच बुकिंग केलेल्यांकडे वाढीव भाव मागावा लागला.

म्हणून पैशाचे तीन डबे करा. पहिलं विमान बांधून उडवायचं ते स्वतःच्या किंवा भागीदाराच्या पैशातून, बुडाला तरी चालेल अशा. साचे आणि यंत्रं भांडवलातून किंवा कर्जातून. गिऱ्हाइकाचा अ‍ॅडव्हान्स फक्त त्याच्याच मालाला, वेगळ्या खात्यात. किट एकदम न विकता टप्प्याने विका: आधी शेपटी, मग पंख, मग धड. प्रत्येक टप्प्याचे पैसे त्या टप्प्याला. भाव ठरलेल्या तारखेपर्यंतच बांधील, हे बुकिंगच्या कागदावर ठळक लिहा.

नुसते नकाशे विकायचाही मार्ग आहे. बर्ट रुटानने व्हेरीइझी आणि लाँग-इझीचे नकाशे विकले. माल नाही, गोदाम नाही. पण घरी विमान बांधणारा माणूस रात्री अकराला फोन करून विचारणार, “साहेब, हा थर किती जाड?” त्या उत्तराची जबाबदारी तुमची. रुटानने १९८५ मध्ये नकाशे विकणं बंद केलं, त्यामागे कोर्टकचेरीची धास्ती होतीच.

आणि गिऱ्हाईक कोण, तेही नीट पाहा. हौशी बांधणीचं विमान भाड्याने प्रवासी नेण्यासाठी नसतं. एअर टॅक्सीवाला तुमचं किट घेणार नाही. घेणार तो हौशी माणूस, आणि विमान बांधायला त्याला गॅरेज, उडवायला धावपट्टी लागणार. बोरिवली-मुलुंडमध्ये असे किती आहेत, त्यांची नावं वहीत लिहा. पाच नावं भरली नाहीत, तर बुकिंगचा फॉर्म अजून छापू नका.