पिवळी फुले आणि एक शिला

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीतील नाझी राजवटीने युरोपातील सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या केली. हा संहार 'होलोकॉस्ट' या नावाने ओळखला जातो. त्यात बळी पडलेल्यांचे, त्यातून वाचलेल्यांचे आणि प्रतिकार करणाऱ्यांचे स्मरण समाज कसे करतो, हे प्रस्तुत पाठात वॉर्सा शहरातील उठावाच्या उदाहरणावरून पाहावयाचे आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपण –
• वॉर्सातील उठावाची पार्श्वभूमी सांगू शकाल;
• स्मरणाच्या निरनिराळ्या रीती स्पष्ट करू शकाल;
• शौर्य म्हणजे काय, याविषयी स्वतःचे मत मांडू शकाल.

मूळ पाठ

पोलंडची राजधानी वॉर्सा. दरवर्षी १९ एप्रिलला तेथे भर दुपारी भोंगे वाजतात. त्या दिवशी रस्त्यावरील अनेकांच्या छातीवर कागदाचे पिवळे डॅफोडिल फूल टाचलेले असते.

या फुलामागे एक दारुण इतिहास आहे. नोव्हेंबर १९४० मध्ये नाझींनी वॉर्सातील ज्यूंना उंच भिंतींच्या आड एका वस्तीत कोंडले. या वस्तीला 'घेटो' म्हणत. चार लाखांहून अधिक माणसे तेथे उपासमारीत व रोगराईत दिवस कंठत होती. १९४२ च्या उन्हाळ्यात त्यांतील अडीच लाखांहून अधिक जणांना आगगाड्यांत भरून ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत नेण्यात आले. पुढची पाळी आपलीच आहे, हे मागे उरलेल्यांना कळून चुकले.

१९ एप्रिल १९४३ रोजी, वल्हांडण सणाच्या पूर्वसंध्येस, जर्मन सैन्य घेटोत शिरले. त्याच्यासमोर काहीशे तरुण-तरुणी उभे ठाकले. हाती थोडी पिस्तुले आणि घरी बनविलेले बाँब. मोर्देखाय आनिएलेविच हा त्यांचा तरुण नेता. विजयाची आशा कोणालाही नव्हती. तरीही सुमारे चार आठवडे झुंज चालली. सैन्याने एकेक घर जाळत वस्ती बेचिराख केली. आनिएलेविच त्यातच मृत्यू पावला.

जे थोडे वाचले, त्यांत मारेक एडेलमन हा एक नेता होता. गटारांच्या भुयारांतून तो बाहेर पडला. पुढे वूच शहरात तो हृदयरोगाचा डॉक्टर झाला. दर १९ एप्रिलला त्याला पिवळ्या फुलांचा गुच्छ येई. पाठविणाऱ्याचे नाव मात्र नसे. घेटोच्या जागी १९४८ मध्ये उभारलेल्या स्मारकापाशी तोही फुले वाहत असे. २००९ मध्ये एडेलमनचे निधन झाले. उठावाला सत्तर वर्षे झाली, तेव्हा २०१३ मध्ये, वॉर्सातील ज्यू इतिहासाच्या संग्रहालयाने कागदी डॅफोडिल वाटण्याचा उपक्रम सुरू केला. एका माणसाची रीत शहराची रीत झाली.

एडेलमनला पोकळ सोहळे मान्य नव्हते. १९८३ मध्ये कम्युनिस्ट सरकारने उठावाचा चाळिसावा स्मृतिदिन थाटाने करावयाचे ठरविले, तेव्हा त्याने त्यात भाग घेण्यास नकार दिला. जेथे माणसे आजही दडपली जातात, तेथे असा सोहळा म्हणजे मृतांचा अवमान, अशी त्याची भूमिका होती. शस्त्र धरणाऱ्यांचेच गोडवे गाणेही त्याला रुचत नसे. आपल्या लेकराचा हात धरून आगगाडीत चढणारी आई लढणाऱ्यापेक्षा कमी धीराची नव्हती, असे तो मानी. याच घेटोत इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लूम व त्याच्या सहकाऱ्यांनी तेथील जीवनाच्या नोंदी गुपचूप लिहिल्या आणि पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या कॅनांत पुरून ठेवल्या. त्यांतील काही १९४६ मध्ये, तर काही १९५० मध्ये उकरून काढण्यात आल्या. त्या लेखणीलाही प्रतिकारच म्हटले पाहिजे.

समुद्रापार न्यूयॉर्कमध्ये हेच स्मरण वेगळ्या रूपात दिसते. तेथील रिव्हरसाइड उद्यानात ऑक्टोबर १९४७ मध्ये भव्य स्मारकाची कोनशिला बसविण्यात आली. स्मारक कधीच उभे राहिले नाही. परंतु कोनशिलाच स्मारक झाली. पूर्व युरोपातील ज्यूंची यिडिश भाषा जपणारे लोक दर १९ एप्रिलला तिच्याभोवती जमतात, गाणी गातात, कविता वाचतात. पूर्वी तेथे वाचलेले लोक स्वतः बोलत. आता त्यांची मुले-नातवंडे बोलतात.

साक्षीदार एकेक करून निघून जातात. मग आठवण सांभाळण्याचे काम ज्यांनी काही पाहिले नाही, त्यांच्याकडे येते. कागदाचे फूल आणि एक शिला या कामी पुरेशी ठरतात, कारण त्यांच्याभोवती माणसे न चुकता एकत्र येतात.

शब्दार्थ

संहार – मोठ्या प्रमाणावरील हत्या
वल्हांडण – ज्यूंचा एक प्रमुख सण
बेचिराख – पूर्णपणे उद्ध्वस्त
कोनशिला – इमारतीच्या आरंभी बसवितात तो दगड

पाठगत प्रश्न

१. विजयाची आशा नसतानाही घेटोतील तरुण का लढले असावेत?
२. एडेलमनने १९८३ च्या सोहळ्यात भाग घेण्यास नकार का दिला?
३. 'त्या लेखणीलाही प्रतिकारच म्हटले पाहिजे' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
४. आपल्या परिसरातील एखाद्या स्मृतिदिनाविषयी आठ ते दहा ओळी लिहा.