मुठीनें भरलेली कणगी

वाशीम जिल्ह्यांत आसेगांवच्या बाजूस आतां ज्वारीपेक्षां सोयाबीन अधिक. दिवाळीच्या सुमारास पीक निघतें, पोतीं बाजारांत जातात, आलेल्या पैशांतून उधारी फिटते, आणि पुढें वर्षभर खाण्याचे दाणे बहुतेक घरीं विकत येतात. ह्यांत शेतकऱ्याचा दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु अशा घरांत आषाढांत दुखणें आलें, मजुरी बुडाली, कीं पिठाचा डबा आठ दिवसांत तळ दाखवितो; मग चार पायली ज्वारीसाठीं काढलेलें ऋण सुगीपर्यंत फिटत नाहीं.

वऱ्हाडांत पूर्वीं जमिनींत पेव खणून ज्वारी पुरून ठेवीत. ती कित्येक वर्षें टिकत असे. (पेव उघडल्याबरोबर आंत उतरत नसत, कोंडलेल्या हवेनें माणूस दगावे.) सन १८६१ त अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें, कापसाचा भाव चढला, मागून आगगाडी आली, आणि ह्या मुलखांत कापूस वाढत गेला. पैसा आला, पण १८९९-१९०० च्या दुष्काळांत ह्याच मुलखांतील माणसें भुकेनें मेलीं. १९७२ त लोकांनीं परदेशचा तांबडा मिलो व सुकडी खाऊन दिवस काढिले, हें सांगणारे म्हातारे अजून गांवोगांव आहेत. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली तेव्हां तर दुष्काळहि नव्हता. केवळ रोजगार थांबला.

योसेफानें मिसर देशांत सात वर्षें पिकाचा पांचवा हिस्सा राखिला. तो राजाच्या कोठारांचा हिशेब होय. मजुरानें पांचवा हिस्सा कोठून आणावा? मिझोराम प्रांतांतील ख्रिस्ती बायकांनीं १९१० पासून एक सोपी रीत चालविली आहे: भात शिजविण्यापूर्वीं मूठभर तांदूळ बाजूस काढावयाचा. त्या तो मंडळीसाठीं काढितात. तशीच दुसरी मूठ घरासाठीं काढण्यास कोणाची हरकत नसावी.

हिशेब करून पाहूं. मूठ सुमारें ५० ग्रॅमची. दोन वेळच्या दोन मुठी म्हणजे दिवसास १०० ग्रॅम, महिन्यास ३ किलो, वर्षास ३६ किलो. पांच माणसांच्या घरास रोज २ किलो दाणे लागले, तर हे १८ दिवसांचें अन्न झालें. २०१३ च्या कायद्याप्रमाणें पात्र घरास रेशनचें माणशीं महिना ५ किलो धान्य मिळतें. तें ह्याच मापानें साडेबारा दिवस पुरतें. तेव्हां मूठ लहान म्हणून तिला हसूं नये.

पण नुसतें भरून भागत नाहीं. आमच्या घरीं पहिल्या वर्षीं ज्वारी नीट न वाळवितां डब्यांत घातली. श्रावणांत झांकण काढिलें तों निम्म्या दाण्यांचें पीठ झालेलें, व वर सोंडे फिरत होते. तेव्हांपासून दाणा दांतांखालीं धरून पाहतों. कट् असा आवाज होऊन तुटला तर वाळला; चेपला तर पुन्हां ऊन द्यावें. डब्यांत सावलींत वाळविलेला कडुलिंबाचा पाला घालावा, डबा भिंतीपासून दूर, पाटावर ठेवावा. किडीच्या विषारी गोळ्या मात्र निजण्याच्या घरांत कधींहि ठेवूं नयेत. त्यांच्या वायूनें झोपलेलीं माणसें मरतात. दर सुगीस जुनें धान्य खाण्यास काढून तेथें नवें भरावें.

दाण्यांबरोबर मीठ, आगपेटी, साबण, साखर हींहि बाजाराच्या दिवशीं एकेक करून येतात. हगवणींत एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावें. मुलाचा जीव वांचतो. झांकलेलें पिण्याचें पाणी माणशीं रोज ३ लिटर धरून तीन दिवसांचें तरी असावें.

राहिला एक प्रश्न, जो बायका आम्हांस नेहमीं विचारितात: हा डबा उघडावयाचा केव्हां? दुखणें आलें, मजुरी बुडाली, वाट बंद झाली, अथवा शेजारच्या घरीं चूल पेटली नाहीं, तर उघडावा. लग्नाचे पाहुणे आले म्हणून त्यास हात लावूं नये; आणि ही गोष्ट घरधन्यास आधींच सांगून ठेवावी.