इन्स्पायर स्पर्धा आणि आपला हापसा

इन्स्पायर अवॉर्ड मानक नावाची एक स्पर्धा आहे. केंद्र सरकारचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग ती घेतो. यात पाठ केलेली उत्तरे चालत नाहीत. घरात, शेतात, गावात जी अडचण दिसते तिच्यावर उपाय सुचवायचा. कल्पना निवडली गेली तर नमुना बनवायला मुलाच्या बँक खात्यात १०,००० रुपये येतात. सहावीपासून भाग घेता येतो. म्हणजे आपल्याला अजून दोन वर्षे आहेत. पण अडचणी काही सहावीची वाट पाहत नाहीत.

आपल्या लातूर जिल्ह्यात मोठी अडचण पाण्याची. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर होते. आजी म्हणते, "त्या साली भांडी घासलेलं पाणी पण टाकलं नाही."

मी व ताईने हापशावर मोजून पाहिले. घागरीचे तोंड लहान, धार जाड. घागर घमेल्यात ठेवून भरली. दहा घागरी भरताना पाऊण घागर पाणी बाहेर सांडले!

उपाय म्हणजे पत्र्याचे रुंद नरसाळे, साखळीने बांधलेले. साखळी ताईने सुचवली, नाहीतर नरसाळे एका रात्रीत गायब. आता एक अडचण राहिली. नरसाळे तोंडावर घट्ट बसले की आतली हवा निघत नाही, पाणी वरच तुंबते. नळीला बाजूने खाच ठेवली तर भराभर उतरते, हे बाटलीवर करून पाहिले. घागरीवर करायचे आहे. पालकांपैकी कुणाकडे जुना पत्रा असेल तर द्यावा.