डग्गा ऐकू येत नाही? आधी वायर तपासा

नवे स्पीकर जोडले आणि डग्गा पोकळ वाजू लागला, गायकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर विखुरला, तर दुकानदाराकडे धावू नका. पहिली शंका घ्यावी ती वायरवर. एका स्पीकरची तांबडी-काळी जोडणी उलटली की त्याचा पडदा आत जातो तेव्हा दुसऱ्याचा बाहेर येतो आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. याने स्पीकर बिघडत नाही. दुरुस्तीचा खर्च शून्य.

वायरच्या एका पदरावर रेघ किंवा उंचवटा असतो. तो पदर दोन्ही टोकांना तांबड्यालाच जातो ना, ते पाहा. वायर भिंतीत गेली असेल तर दहा-वीस रुपयांचा १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. अ‍ॅम्प्लिफायर बंद करा, त्याच्याकडची टोके सोडवा आणि सेलची धन बाजू तांबड्याकडून आलेल्या पदराला आणि ऋण बाजू दुसऱ्या पदराला क्षणभर टेकवा. दोन्ही वूफर एकाच दिशेला उडी मारायला हवेत, बहुधा बाहेर. ट्वीटरला मात्र सेल थेट लावू नका. आणि स्पीकरचा खोका उघडून ट्वीटरची जोडणी ‘सुधारू’ तर मुळीच नका. काही कंपन्या क्रॉसओव्हरच्या (वूफर-ट्वीटरमध्ये स्वर वाटणाऱ्या सर्किटच्या) गरजेने ती मुद्दाम उलटी ठेवतात.

परत जोडताना तांब्याची एकही तार शेजारच्या टर्मिनलला टेकू देऊ नका. उलटी जोडणी फक्त आवाज बिघडवते, शॉर्ट झाला तर अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो आणि तिथे खरा खर्च सुरू होतो.

सबवूफरचा प्रश्न वेगळा, कारण तिथे अंतरही महत्त्वाचे ठरते. ८० हर्ट्‌झची ध्वनिलहर सुमारे ४.३ मीटर लांब असते. सबवूफर तुमच्यापासून स्पीकरपेक्षा साधारण २.१५ मीटर जास्त लांब असेल, तर जोडणी अचूक असूनही त्या पट्टीतला आवाज गळतो. त्यासाठीच सबवूफरच्या मागे फेजचे ०-१८० अंशांचे बटण असते. नेहमीच्या जागी बसा, घरातल्या कुणाला तरी ते बदलायला सांगा आणि बेस भरदार वाटेल तिथे ठेवा. सोफा हलवला तर पुन्हा ऐका. याचेही पैसे पडत नाहीत.

रिसीव्हरने माइक लावून मोजताना फेजची चूक दाखवली तरी वायर एकदा पाहा. ती बरोबर असेल तर पुढे जा. भिंतीवरून परतणाऱ्या आवाजानेही यंत्र फसते. महागडी केबल यांतले काहीच दुरुस्त करत नाही. तंत्रज्ञ बोलवायचाच असेल तर फोनवरच दोन गोष्टी ठरवून घ्या: नुसत्या तपासणीचे किती, आणि फक्त वायर उलटी निघाली तर वेगळे पैसे लागतील का.