बांधावरची बाभूळ

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या काळ्या रानात बांधाबांधावर बाभूळ दिसते. तिच्या शास्त्रीय नावातील ‘निलोटिका’ हा शब्द नाईल नदीवरून आला. आफ्रिका आणि भारत ही दोन्ही तिची मायभूमी.

काट्यांमुळे लोक तिला नावे ठेवतात. पण तेच काटे पाखरांचे कुंपण होतात. विहिरीवर झुकलेल्या फांद्यांना सुगरण पक्ष्याचा नर खोपे टांगतो. पिवळ्या फुलांवर मधमाश्या येतात. शेळ्या शेंगा खातात. लेंड्यांतून पडलेले बी पावसाळ्यात रुजते. मुळांवरील गाठी जमिनीला नत्र देतात.

बाभळीच्या लाकडाचे नांगर-वखर आता कमी झाले, म्हणून झाड निरुपयोगी ठरत नाही. सुट्टीत घरी गेल्यावर ‘निदान खोप्यांचे झाड तोडू नका’, एवढे तरी आपण शेतकऱ्यांच्या मुलांनी वडीलधाऱ्यांना सांगावे.