दोन्ही कानांच्या नसांवर गाठी, शिवाय तिसरी: कॅन्सर पसरला का?

प्रश्न : माझा भाऊ 24 वर्षांचा आहे. उजव्या कानाने कमी ऐकू येतं म्हणून एमआरआय केला. दोन्ही कानांच्या नसांवर श्वानोमा आणि कपाळामागे मेनिन्जिओमा निघाला. कॅन्सर पसरलाय का?

उत्तर : नाही. या गाठी एकमेकींतून पसरलेल्या नाहीत, आपापल्या जागी स्वतंत्र वाढल्या आहेत. श्वानोमा नसेच्या आवरणातून होतो, मेनिन्जिओमा मेंदूच्या आवरणातून. दोन्ही बहुधा साध्या आणि सावकाश वाढणाऱ्या असतात.

मात्र हे चित्र एनएफ-2 या जनुकीय आजाराचं आहे. या आजाराशी निगडित, 22व्या गुणसूत्रावरचं जनुक मर्लिन नावाचं प्रथिन बनवतं आणि ते पेशींच्या वाढीला लगाम घालतं. जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या की गाठी होतात. जवळपास निम्म्या रुग्णांच्या आईवडिलांना हा आजार नसतो.

भावाची श्रवणचाचणी, डोळ्यांची तपासणी आणि मणक्याचा एमआरआय करून घ्या. प्रत्येक गाठ लगेच काढायची नसते. उरलेलं ऐकणं जपणं फार मोलाचं आहे. फिट आली, तोल जाऊ लागला किंवा चेहरा वाकडा झाला, तर वाट पाहू नका. पुढे त्याच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता 50 टक्क्यांपर्यंत असते. म्हणून लग्नाआधीच जनुकीय समुपदेशन घ्यावं.