वर्षाऋतूतील डोंगरी आहार

आषाढ शुद्ध एकादशीस चातुर्मासास आरंभ होतो, आणि आमच्या मच्छे परिसरातील शिवारांत त्याच सुमारास भाताच्या रोपलावणीची धांदल असते. बेळगावास वर्षाकाठी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेस आंबोलीच्या घाटमाथ्यावर तोच ७००० च्या घरात जातो. या दोहोंमधील खानापूर व चंदगडकडील घरांत पावसाळ्यात काय शिजते आणि ते का शिजते, याचा विचार आज करावयाचा आहे.

पावसाळी खाणे म्हटले की हल्ली कांद्याची भजी आणि चहा एवढेच आठवते. भजीशी आमचे वैर नाही. पण शास्त्राचे सांगणे निराळे आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, सूत्रस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात ऋतुचर्या आली आहे. वर्षाऋतूत जठराग्नी मंद होतो आणि वात प्रकुपित होतो; म्हणून जुने धान्य खावे, नदीचे पाणी टाळावे, दिवसा निजू नये, आणि आभाळ फार भरून आलेल्या दिवशी आंबट, खारट, स्निग्ध तरीही हलके अन्न घ्यावे, असे तेथे सांगितले आहे.

आता डोंगरातील चुलीकडे पाहावे. आषाढात नवे पीक हाती नसते. कणगीच्या तळाशी उरतो तो नाचणा, कारण हे धान्य कीड न लागता वर्षानुवर्षे टिकते. ग्रंथातील ‘जुने धान्य’ ते हेच. नाचण्याचे पीठ रात्री भिजत घालावे. सकाळी ते आंबले की आधणात सोडून सारखे ढवळीत शिजवावे, मीठ व जिरे घालावे, आणि उतरवल्यावर ताक मिसळावे. ही आंबील उन्हाळ्यात गार पितात, पावसात कोमट. सोबत हुलग्याचे कढत सार, त्यात लसूण व आमसूल. आंबट, खारट, हलके, सारे काही आले. आणि हे करणाऱ्या माउलीने वाग्भटाचे नावही ऐकलेले नसते! शंभर ग्रॅम नाचण्यात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात त्याचा अल्पांशही नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून पाळले, तेव्हा आमच्यातील कित्येकांनी नाचणा शहरातील दुकानातून, सुंदर पुडक्यांत, आणला.

पालेभाजीविषयी एक शंका नेहमी विचारली जाते. चातुर्मासाच्या नियमांत श्रावणात शाक वर्ज्य आहे, मग टाकळा कसा चालतो? उत्तर निसर्गातच आहे. टाकळा पहिल्या पावसाबरोबर उगवतो आणि ज्येष्ठ-आषाढातच कोवळा असतो. श्रावण लागेपर्यंत त्याची पाने जून व कडवट होतात, त्यांवर किडेही पडतात. म्हणजे नियम आणि ऋतू यांत विरोध राहत नाही. परसातील अळूही याच दिवसांतले. त्याने घसा खवखवतो, म्हणून चिंच वा आमसूल घालून ते पुरते शिजवावे. पुढे नागपंचमीस चिरणे व तळणे टाळून वाफेवर केलेले पदार्थ होतात. गोवा-कोकणाकडे त्या दिवशी हळदीच्या पानांतील पातोळ्या असतात.

टाकळ्याविषयी मात्र अधिक लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. पूर्वी मुली आजीबरोबर बांधावर जाऊन भाजी ओळखावयास शिकत. आता घरातील मंडळी कारखान्यांच्या पाळ्यांवर जातात, मुले शाळेत. आजी एकटीच जाते, आणि कित्येक घरांत तीही उरली नाही. टाकळ्याच्या शेजारीच कासविंदा उगवतो. कोणी त्यास रानटाकळाही म्हणतात. फुले दोहोंची पिवळी. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुले ज्या गूढ आजाराने दगावत होती, त्याचे कारण कासविंद्याच्या शेंगांतील बिया खाणे हे होय, असे २००७ च्या सुमारास वैद्यकीय तज्ज्ञांनी दाखवून दिले. तेव्हा खूण नीट ध्यानात ठेवावी. टाकळ्याच्या एका देठावर पर्णिकांच्या तीन जोड्या असतात, टोके गोलसर असतात आणि रात्री पाने मिटतात. कासविंद्याच्या जोड्या चार-पाच असतात व टोके अणकुचीदार. येत्या ज्येष्ठात पहिली सर पडून आठ-दहा दिवस झाले की, ज्यांच्या घरी जाणते वडील माणूस आहे त्यांनी मुलांना घेऊन बांधावर जावे आणि दोन्ही रोपे शेजारी शेजारी धरून दाखवावीत. जुडीत एक पान जरी शंकेचे निघाले, तरी ती जुडी चुलीपर्यंत नेऊ नये.